आईला न दिसलेली राजकन्या

एका राज्यात डोंगर एका जागी राहत नसत. रोज संध्याकाळी ते आपापल्या जागा बदलत, आणि सकाळी उठून लोक आधी डोंगर कुठे गेले ते पाहत, मग गुरे सोडत. कुणाला त्याचे नवल नव्हते. त्या राज्यात उदयकेतू नावाचा राजा होता, हेमांगिनी नावाची त्याची राणी होती, आणि दोघांना कादंबिनी नावाची एकुलती एक लेक होती.

राजवाड्यात सोने उदंड होते, पण ते सुखाने आलेले नव्हते. राजाच्या पणजोबाने धूम्रजिव्ह नावाच्या मांत्रिकाचा खजिना लुटला होता. मांत्रिक झोपला होता आणि दार आतून बंद होते. पणजोबाने दार फोडले, गाडे भरले आणि परतीची वाट धरली. मांत्रिक जागा झाला. तो ओरडला नाही की मागे धावला नाही. मोडक्या दाराच्या उंबऱ्यावर बसून तो एवढेच म्हणाला, "सोने ने. त्यात एक निरांजन आहे. तुझ्या घरी लेकराचा वाढदिवस आला की आईने त्याच निरांजनाने ओवाळावे आणि ज्योतीसमोर लेकराच्या तीन आवडी सांगाव्यात. खरे बोलेल तिची ज्योत तेवेल. खोटे बोलेल तिला ते लेकरू दिसणार नाही, ऐकू येणार नाही. मग ती त्याला विसरत जाईल, आणि अवसेला पुरती विसरेल."

आजवरच्या राण्या शहाण्या होत्या. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्या दाईला विचारत, आचाऱ्याला विचारत, आणि मगच पाटासमोर उभ्या राहत. हेमांगिनी राणीला मात्र ही रीत कमीपणाची वाटे. लेकीचे न्हाणे तिने दाईवर सोडले नव्हते, वेणी दुसऱ्या कुणाला घालू दिली नव्हती. तेव्हा लेकीची आवड दुसऱ्याने सांगावी, हे तिच्या मनाला कसे पटावे? ती आपली आपण आवडी सांगे, आणि ज्योत दरवर्षी तेवे.

कादंबिनीला चौदावे लागायचे होते. राणीने आठवडाभर पदर खोचून तयारी केली. काश्मिरी केशर मागवले. चंदनाच्या बाहुल्या घडवून घेतल्या, त्यांना बोटभर पालखी केली, पालखीला मोत्यांच्या झालरी लावल्या. म्हातारी दाई तुळजा बाहुल्यांकडे बराच वेळ पाहत राहिली.

"सरकार," ती म्हणाली, "यंदा एकदा विचारून घ्यावं का?"

"माझ्या लेकीची आवड मी परक्याला विचारू?"

"परक्याला कशाला? बाईसाहेबांनाच विचारावं."

राणी हसली आणि झालरीतले मोती सारखे करू लागली. त्याच दुपारी कादंबिनी दाराशी आली. आईसाहेबांना वेळ आहे का, असे तिने विचारले. राणी म्हणाली की बाळ, तुझ्याच वाढदिवसाच्या घाईत आहे, उद्या निवांत बोलू. राजकन्या जरा वेळ चौकटीला टेकून उभी राहिली, मग गेली. राणीने मान वर केली तेव्हा दार रिकामे होते.

पौर्णिमेला दिवेलागणीच्या सुमारास पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. कादंबिनी पाटावर बसली. राणीने तिला कुंकू लावले, अक्षता टाकल्या, सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळली, मग निरांजन हाती घेतले.

"माझ्या लेकीला केशरी भात आवडतो," राणी म्हणाली. ज्योत थरथरली.

"माझ्या लेकीला बाहुल्यांची लग्ने लावायला आवडते." ज्योत निळी पडली.

राणीच्या मनात पाल चुकचुकली. पण सगळा दरबार पाहत होता, आणि तोंडातले शब्द ओठांवर आलेच होते. "माझ्या लेकीला दिवसभर माझ्यापाशी बसायला आवडते."

ज्योत विझली. धुराची एक रेघ वर गेली. धूर विरला तेव्हा पाट रिकामा होता.

राणीला आधी वाटले की लेक उठून गेली. तिने हाक मारली, महालभर नजर फिरवली. मग राजा जवळ येऊन हलकेच म्हणाला, "राणीसरकार, ती पाटावरच आहे. तुमच्याकडे पाहते आहे. तिने तुमचा पदर धरला आहे."

राणीने पदराकडे पाहिले. पदर सरळ लोंबत होता. तिने पाटावर हात फिरवला, तो नुसत्या लाकडावर फिरला. राजा, दाई, दासी, सगळ्यांना राजकन्या दिसत होती. एका आईलाच दिसत नव्हती.

चूक झाली, दुरुस्त करू, असे राजाने ठरवले. राजकन्येला काय आवडते ते त्याला थोडे ठाऊक होते, बाकीचे त्याने तिलाच विचारले आणि राणीला सांगायला बसला. पण मांत्रिकाचा शाप कच्चा नव्हता. कादंबिनी जेवली, कादंबिनी झोपली, एवढे राणीला ऐकू येई. तिला काय आवडते हे कुणी सांगू लागले की सांगणाऱ्याचे ओठ हलत आणि राणीच्या कानांत नुसता धूर भरे. दाईने सांगून पाहिले, आचाऱ्याने सांगून पाहिले. राणी खोकत बसली.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळताना ती वेणीचा आरसा पुसत होती आणि एकाएकी थांबली. लेकीच्या मानेवर एक तीळ होता. डावीकडे की उजवीकडे? तिला आठवेना. तिसऱ्या दिवशी लेकीचा आवाज आठवेना. मग राणी उठली. तिने अंगावरचे दागिने उतरवून ठेवले, साधे लुगडे नेसली आणि मांत्रिकाकडे जायला निघाली.

वेशीवरच्या कडुनिंबावर एक भारद्वाज बसला होता. त्याचे डोळे तांबडेलाल होते आणि मिजास मोठी होती.

"मला पाहिलंस, तुझं शुभ झालं," तो म्हणाला. "सगळ्यांचं होतं. माझं कुणाला पाहून व्हायचं, ते कुणी सांगत नाही. कुठे निघालीस?"

"धूम्रजिव्हाकडे. वाट ठाऊक आहे का?"

"डोंगर रोज हलतात, वाट कुणाला ठाऊक असणार? पण मांत्रिक हलत नाही. मी पुढे उडतो. फार बोलू नकोस, मला बोलणारी माणसं आवडत नाहीत."

असे म्हणून तो वाटभर स्वतःच बोलत राहिला. कित्येक दिवस चालून त्यांनी उलटी वाहणारी नदी ओलांडली. झोपून वाढणाऱ्या झाडांचे रान लागले, तिथली झाडे नाव विचारून बाजूला सरकत. "मी कादंबिनीची आई," असे राणी प्रत्येक झाडाला सांगे. रान संपता संपता सूर्य बुडाला. शेवटच्या झाडाने नाव विचारले तेव्हा राणीच्या तोंडून शब्द फुटला नाही. लेकीचे नाव गेले होते. "मी एकीची आई," ती म्हणाली. झाड थोडे थांबले आणि सरकले.

मांत्रिक आपल्या गुहेच्या उंबऱ्यावर बसलेला होता. दार अजून मोडलेलेच होते, त्याने ते दुरुस्त केले नव्हते. त्याची दाढी धुराची होती, वारा आला की ती तुटे आणि पुन्हा जुळे.

राणीने हात जोडले. सोन्याचे गाडे परत पाठवते म्हणाली, राज्य देते म्हणाली, आपले डोळे देते म्हणाली.

"डोळे घेऊन मी काय करू? ते तू तरी कुठे वापरलेस?" मांत्रिक म्हणाला. राणीने मान खाली घातली. तेव्हा त्याचा स्वर जरा उतरला. "शाप मला मागे घेता येत नाही. पण ज्योत पुन्हा लावता येते. पुन्हा पाट मांड, पुन्हा ओवाळ, तीन आवडी सांग. कुणी सांगितलेलं तुला ऐकू येणार नाही, म्हणून तुला एक देतो. तुझी लेक जिथे जिथे चालली, तिथले तिचे ठसे तुला दिसतील. ज्या तीन जागी ते दाट असतील तिथे जा आणि तिचं काम स्वतःच्या हातांनी कर. आणि हे घे."

त्याने हिऱ्याची एक किल्ली पुढे केली. "हिला कुठलंही दार नाही म्हणत नाही. आतली कडीसुद्धा निघते. तिसऱ्या जागी लागेल. तुमच्या घराण्याला बंद दार फार दिवस सोसत नाही."

राणी परत आली, सोबत भारद्वाजही आला. राजवाड्याच्या पायऱ्यांवर पाऊल टाकले आणि तिला ठसे दिसले. ओल्या कुंकवाची पावले उमटावीत तसे ते लाल होते. सगळ्यांत जास्त पावले आपल्याच महालाकडे गेलेली असतील, असे तिला वाटले, म्हणून ती आधी तिकडे वळली. पावले होती. इवल्या पावलांचे ठसे धावत आत शिरलेले होते, पार पलंगापर्यंत गेले होते, पण ते फिकट होते, जुने होते. मोठ्या पावलांचे ताजे ठसे उंबऱ्यापर्यंत आले होते, तिथे थांबले होते आणि मागे फिरले होते. एकदा नव्हे. उंबऱ्यापाशी फरशी लाल झाली होती.

राणी तिथे उभी राहिली.

मग ती ताज्या ठशांच्या मागे निघाली. पहिली वाट हत्तीखान्याकडे गेली. तिथे गौरा नावाची म्हातारी हत्तीण साखळीवाचून उभी होती. ती राजाच्या आजोबांच्या वेळची, चारी पायांचे तळवे फुटलेले, आणि माणसांसारखी बोलणारी. ती बोलते म्हणून माहूत तिच्या जवळ जायला कंटाळत, कारण ती तक्रारीच करी. मोठ्या पावलांचे ठसे तिच्याभोवती गोल गोल फिरलेले होते. कोपऱ्यात एका कढईत कडुनिंबाचा पाला, हळद आणि तेल शिजवून ठेवलेले होते.

राणीला काम समजले. तिने लेप हातात घेतला आणि हत्तिणीचा पाय धरून ओढला. गौराने पाय झटकला. राणी चिखलात पडली.

"हा माझा पाय आहे," गौरा म्हणाली. "तू राणी असशील. पाय माझा आहे."

राणीने गोड बोलून पाहिले, ऊस आणवला, हुकूमही करून पाहिला. गौराने ऊस खाल्ला आणि पाय दिला नाही. शेवटी राणी कढई मांडीवर घेऊन समोर बसून राहिली. उन्हे कलली. माश्या घोंगावत होत्या. हत्तीण आपली दुखणी सांगू लागली, आणि राणीपाशी ऐकण्यावाचून दुसरे काम नव्हते. गुडघा कसा धरतो, थंडीत भेगा कशा ठणकतात, तरुणपणी अंबारी किती टोचे, सगळे राणीने ऐकले. ऐकता ऐकता तिचे तिलाच कळले नाही, पण ती विचारू लागली होती. मग काय केलंस? मग कुठे दुखलं?

गौराने आपणहून पाय उचलला आणि राणीच्या पुढ्यात ठेवला.

राणीने भेगांत लेप भरला. चार पाय होईपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले. त्या पिवळ्या हातांकडे पाहताना तिला एक जुनी गोष्ट आठवली. कधीतरी एका मुलीची नखे पिवळी दिसली होती आणि आपण ती लिंबाने घासून काढली होती, राजघराण्यातल्या मुलीला शोभत नाही म्हणून. मुलीने हात दिले होते.

"ती रोज यायची ना?" राणीने विचारले.

"रोज," गौरा म्हणाली. पुढचे राणीला ऐकू आले नाही, त्याचा धूर झाला. पण आता सांगायचे काही उरले नव्हते. दुखणाऱ्या जिवाला बरे करणे तिच्या लेकीला आवडत होते. हे तिला कानाने कळले नव्हते, हाताने कळले होते.

दुसरी वाट गडाच्या महादरवाजावरच्या नगारखान्यात चढली. तो दरवाजा माणसांच्या बळाने उघडत नसे. पहाटे नगारा नीट वाजला तरच तो आपणहून उघडे, चुकीचा वाजला तर घोरत पडे. जुना नगारची वारल्यावर काही दिवस गड बंदच होता, मग कुणीतरी वाजवू लागले आणि दरवाजा उघडू लागला. कोण वाजवते, हे राणीने कधी विचारले नव्हते. ठसे नगाऱ्यापाशी जाऊन थांबलेले पाहून तिला ते आता कळले.

"तू तिची आई," नगारा म्हणाला. त्याचा आवाज पोटातून यावा तसा होता. "बस. वाजव. दार उघडलं तर तुझं काम झालं."

राणीने टिपरू उचलले. पहिल्या घावाला दरवाजा कुशीवर वळला. दुसऱ्याला घोरू लागला. राणीने सकाळभर नगारा बडवला. खाली दूधवाल्यांच्या रांगा खोळंबल्या, कुणीतरी ओरडून विचारले की आज नगाऱ्यावर कोण माकड बसवले आहे. भारद्वाजाने डोके पंखात खुपसले. राणीच्या तळहातांना फोड आले.

ती थकली आणि तिने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांत तिला आपला पलंग दिसला, पहाटेचा उजेड दिसला, आणि कानाशी नगारा वाजू लागला. रोज पहाटे तिला जाग येई ती याच आवाजाने. आधी दोन घाव संथ, मग दुडदुड धावणारे, मग एक मोठा. कुशीवर वळून ती किती वेळा राजाला म्हणाली होती, कोण वाजवतो कोण जाणे, पण काय हात आहे! राजा दर वेळी तिच्याकडे पाही आणि काही बोलायला जाई, तोवर तिला पुन्हा डोळा लागलेला असे.

राणीचे हात आपोआप उठले. दोन संथ, मग दुडदुड धावणारे, मग एक मोठा. पुन्हा. पुन्हा. तिचा ताल अडखळत होता, पण तो तोच ताल होता. गडाचा दरवाजा खोकला, कुरकुरला आणि उघडला. खाली दूधवाले आत शिरले आणि त्यांना त्याचे काही वाटले नाही. राणी नगाऱ्यावर डोके टेकून रडली. लेकीला ती अगदीच ओळखत नव्हती असे नव्हते. जे तिने ओळखले होते ते लेकीचे आहे, एवढेच तिला ठाऊक नव्हते.

आता अवस आली होती. तीळ गेला होता, आवाज गेला होता, नाव गेले होते, आणि आदल्या संध्याकाळी चेहराही गेला होता. राणीला एवढेच उरले होते की आपल्याला एक मुलगी आहे. आज सूर्य बुडाला की तेही जाणार होते.

तिसरी वाट दूर नव्हती. ती राजवाड्यातच होती. ठसे एका दालनाशी गेले, आणि दाराला आतून कडी होती. या दारावर राणीने पूर्वी दासीला धाडले होते, हे दार कधीपासून बंद असते म्हणून दाईला बोलही लावले होते. ठसे आत गेलेले होते आणि या वेळी बाहेर आलेले नव्हते.

"ती आत आहे," भारद्वाज म्हणाला. "किल्ली लाव."

राणीने किल्ली हातात घेतली. हिरा थंड होता. कडीच्या बाजूला नेला की आतली कडी आपणहून सरकू पाहत होती, इतका त्या किल्लीला उत्साह होता. आत काय असेल? चित्रे असतील, एखादा पाळलेला जीव असेल, कुणासाठी गुंफलेली माळ असेल, की तिने कुणालाही न सांगितलेले एखादे दुःख असेल. एकदा पाहिले की तिसरी आवड कळणार होती. ज्योत लागणार होती.

राणीने हात मागे घेतला. तिने दारावर बोटाने टिचकी मारली आणि थांबली. आतून कुणी बोलले असले तरी तिला ऐकू येणार नव्हते. कुणी उठून कडी काढली नाही.

"वेडी आहेस का?" भारद्वाज म्हणाला. "खिडकीत ऊन संपत आलं. ज्योत लागली नाही तर तू तिला कायमची विसरशील."

"हो."

"मग उघड."

"तिने लावलं आहे," राणी म्हणाली. "आत शिरून मला ती मिळाली, तर ती मला मिळाली कशी म्हणायची?"

"आणि मिळालीच नाही तर?"

राणीने दाराशी तोंड नेले आणि सांगितले की मी पाट मांडते आहे, तुला यावेसे वाटले तर ये. मग ती निघाली. चालता चालता हातातली किल्ली ओली लागली. पाहते तो हिऱ्याचे पाणी होऊन बोटांमधून गळत होते.

घाईघाईने पाट मांडला. या वेळी दरबार नव्हता. राजा होता, दाई होती, खांबावर भारद्वाज होता. राणीच्या हातांवर हळद होती आणि तळहातांवर फोड होते, त्यामुळे निरांजन धरताना ते तिला बोचले. विझलेली वात काळी होती. समोरचा पाट तिला रिकामा दिसत होता. त्यावर कुणी येऊन बसले आहे की नाही, हे तिने राजाला विचारले नाही. खिडकीतले ऊन भिंतीवरून छतापाशी सरकले होते.

"माझ्या लेकीला दुखणाऱ्या जिवाचं दुखणं बरं करायला आवडतं," राणी म्हणाली. वातीच्या टोकाला लाल ठिणगी आली.

"माझ्या लेकीला नगारा आवडतो. गडाचा दरवाजा तिच्या हातांनी उघडतो." ठिणगी फुलली.

राणी गप्प झाली. दाईने पदर तोंडात धरला. छतावरचे ऊन बोटभर उरले. राणीला किती तरी गोष्टी सुचत होत्या. फुले आवडत असतील, गाणे आवडत असेल, कुठल्या मुलीला आवडत नाही? एखादी खरी निघेलही. पण तिने निरांजन स्थिर धरले.

"तिसरी मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "दार बंद होतं, मी उघडलं नाही. सांगायचं की नाही, ते तिचं तिने ठरवावं."

ज्योत लागली. मोठी लागली नाही, साधी लागली, घराघरांत लागते तशी.

पाटावर एक मुलगी बसली होती. राणीने तिच्याकडे पाहिले आणि तिला सगळे परत आठवले. नाव आठवले, आवाज आठवला, तीळ उजवीकडे होता तेही आठवले. पण आठवणीतली मुलगी आणि ही मुलगी यांत बरेच अंतर पडले होते. हिचे खांदे रुंद होते. हिच्या तळहातांवर घट्टे होते, नखे हळदीने पिवळी होती. बसली होती तरी तिचे डोळे राणीच्या छातीपाशी येत होते.

"कादंबिनी," राणी म्हणाली. "केवढी झालीस गं तू."

"हत्तीखान्यात तुम्ही पडलात तेव्हा मी तिथेच होते, आईसाहेब," कादंबिनी म्हणाली. "आधी हसू आलं. मग रडू आलं. नगारखान्यात नुसतं रडूच आलं, इतकं वाईट वाजवत होतात."

"आणि दार वाजवलं तेव्हा?"

"तेव्हा आतल्या बाजूने दाराला टेकून बसले होते. तुम्ही उघडाल म्हणून." तिने आईच्या हातांवरच्या फोडांकडे पाहिले. "तुम्ही उघडलं नाहीत, म्हणून आले."

राणीने निरांजन खाली ठेवले आणि लेकीला जवळ घेतले. आता हात हवेतून गेला नाही. तिसरी आवड कोणती, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता, पण तिने तो विचारला नाही. कादंबिनीनेच ते ओळखले.

"तिसरी मलाही अजून नीट कळलेली नाही," ती म्हणाली. "आत बसून तेच शोधत असते. कळली की सांगेन. पण आधी गौराला सांगेन."

"तिला आधी सांग," राणी म्हणाली.

त्याच क्षणी डोंगरापलीकडे मांत्रिकाचे मोडलेले दार आपोआप जुळले आणि बंद झाले. ते पुन्हा कुणी फोडले नाही. राजाने सोन्याचे गाडे भरून त्या उंबऱ्यापाशी पोचते केले, एक निरांजन मात्र मांत्रिकाने परत पाठवले. त्यात आता शाप नव्हता, नुसते तूप आणि वात होती.

वाढदिवस पुन्हा साजरा झाला. आता सगळे कादंबिनीला विचारून झाले. पंगतीला भाकरी, ठेचा आणि वांग्याचे भरीत झाले, केशरी भात राजाने एकट्याने खाल्ला. गौरा हत्तीण चौकात आली आणि तिच्या पाठीने एक कोरीव खांब मोडला. चंदनाच्या बाहुल्या दाईच्या नातीला मिळाल्या, तिने पालखीत मांजरीचे पिल्लू बसवले. भारद्वाजाने सगळ्यांची तोंडे पाहिली, कुणाला पाहून आपले शुभ झाले ते सांगितले नाही, पण तीन वेळा भरीत मागून घेतले.

तेव्हापासून त्या राज्यात एक रीत पडली. लेकराचा वाढदिवस आला की आई ज्योतीसमोर दोन आवडी सांगते आणि तिसऱ्या वेळी गप्प राहते. मग कुणी लेकरू आपली तिसरी आवड सांगते, कुणी हसते, कुणी मान हलवून पाटावरून उठून जाते. आई हात आडवा धरून ज्योत वाऱ्यापासून जपते आणि वाट पाहते. तिथे डोंगर अजून जागा बदलतात. लोक सकाळी उठून पाहतात, आज कुठे आहेत.